रेस्क्यूमधलं मस्तीखोर पिल्लू १ बीएचकेमध्ये आणावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे उत्तराला धरून राहील. मुलुंडला १ बीएचके, तुम्ही दोघंही नोकरीवाले, मुलगा ९ वर्षांचा, घरी सासूबाई. रेस्क्यूवाल्यांकडे, म्हणजे रस्त्यावरची पिल्लं उचलून सांभाळणाऱ्यांकडे, जाऊन एक अडीच महिन्यांचं देशी पिल्लू बघून आलात आणि तेच मनात भरलंय, पण ते तिथे एक मिनिट स्वस्थ बसलं नाही, मुलाच्या बुटाची लेस सोडेना, सासूबाईंच्या साडीच्या काठाला लोंबकळलं, आणि आता घरचे-दारचे सगळे म्हणतायत की हे हायपर आहे, त्यापेक्षा एखादं शांत पिल्लू घ्या. तर घ्यावं की नाही, आणि घेतलं तर त्याची एनर्जी जिरवायची कशी.

मी १४ वर्षं मुंबईत पिल्लांचं ट्रेनिंग करतेय आणि घरी फॉस्टर पण करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत पिल्लं माझ्याकडे राहतात, त्यातली बरीचशी पार्किंगमधल्या गाड्यांखालून, फ्लायओव्हरखालून, मीटररूममधून उचललेली. माझं उत्तर आहे, घ्या. पण "एनर्जी जिरवायची" हे डोक्यातून काढून मग घ्या, कारण मी आजवर जी घरं पिल्लापायी थकून गेलेली बघितली त्यातल्या बहुतेकांनी पिल्लाला कमी नाही, जास्तच पळवलं होतं. कमी पडत होती ती झोप.

हे जरा नीट सांगते. अडीच महिन्यांचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं, झोपायलाच हवं. तुम्ही गेलात तेव्हा काय झालं असेल बघा, नवी माणसं आली, त्यात एक लहान मुलगा, नवे वास, फॉस्टरवाल्या ताईंनी त्याला बहुतेक झोपेतून उठवून आणलं, सगळ्यांनी हात लावला, कोणी उचललं, कोणी चुटक्या वाजवल्या. त्या २० मिनिटांत कुठलंही तब्येतीने ठणठणीत पिल्लू असंच वागेल. त्यावरून स्वभाव कळत नाही, एवढंच कळतं की त्याला माणसांची भीती नाही, आणि रेस्क्यूमधून येणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मला विचारा.

म्हणून दुसऱ्यांदा जा, दुपारी दोन-अडीचला जा, दोघंच जा. जमिनीवर बसा आणि १५ मिनिटं काही म्हणजे काहीच करू नका, बोलावू नका, चुचकारू नका. आधी अंगावर चढेल, बोटं चावेल, मग बघा ते आपलं आपण खाली येतं का, कुठे कोपऱ्यात जाऊन हुंगतं, पसरतं, जांभई देतं. येत असेल तर झालं, हायपर वगैरे काही नाही. मग त्याच्यापासून सात-आठ फुटांवर एक स्टीलची वाटी जमिनीवर पडू द्या. दचकेल, दचकू दे, पळालं तरी चालेल. पण मिनिटभरात परत येऊन त्या वाटीचा वास घेतं का ते बघा. जे पिल्लू घाबरतं आणि सावरतं ते मुंबईत राहू शकतं. इथे कुकरच्या शिट्ट्या आहेत, वरच्या मजल्यावर ड्रिल आहे, खाली बँजो आहे, दचकण्यातून त्याची सुटका नाहीच, सावरता आलं पाहिजे.

आणि ते "शांत बघा" म्हणणाऱ्यांसाठी एक अनुभव. एका कुटुंबाने माझ्याकडच्या पाच पिल्लांतून मुद्दाम सगळ्यात गप्प बसलेली पिल्ली निवडली, मी सांगत होते की ती गप्प नाहीये, घाबरलेली आहे, पण त्यांना वाटलं गुणी आहे. ती मुलगी आठ महिने लिफ्टमध्ये शिरली नाही. रोज चार मजले उचलून न्यायचे, पुढे तिचं वजन १४ किलो झालं तरी उचलून. त्यांनी तिला सोडलं नाही, आज ती मस्त आहे, पण जे काम त्यांनी केलं त्याच्यापुढे एका मस्तीखोर पिल्लाचं करणं काहीच नाही. गप्प पिल्लू घाबरलेलं असू शकतं किंवा आजारी असू शकतं, आणि दुसरं जास्त वाईट.

आजाराचा विषय निघालाच आहे तर पार्व्होबद्दल सांगून टाकते कारण रेस्क्यूमधून पिल्लू आणताना मला फक्त याचीच धास्ती असते. हा व्हायरस जमिनीवर, अंथरुणात, चपलेच्या तळव्याला महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी थोडे जास्त, म्हणजे रेस्क्यूमधून हसतखेळत आलेलं पिल्लू तुमच्या घरी पाचव्या दिवशी आजारी पडू शकतं आणि त्यात त्या रेस्क्यूवाल्यांची लबाडी असेलच असं नाही. पहिले १५ दिवस एकच लक्षात ठेवा, जो धुमाकूळ घालतोय तो बरा आहे. जेवण सोडलं, कोपऱ्यात जाऊन बसला, उलट्या, घाण वासाची पातळ शी, त्यात रक्त, यातलं काहीही दिसलं तर "उद्या बघू" नाही, तासाभरात डॉक्टरकडे. वेळेवर सलाईन लागलं तर पुष्कळ पिल्लं वाचतात, मी स्वतः वाचलेली बघितलीयत आणि एक दिवस उशिराने गेलेलीही. तुमच्या घरात याआधी दोनेक वर्षांत पार्व्होचं पिल्लू असेल तर आणण्याआधी लादी ब्लीचने पुसा, एक भाग ब्लीच ३० भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसून घ्या. नुसत्या फिनेलवर विसंबू नका.

घेताना रेस्क्यूवाल्यांकडून लसीचं कार्ड हातात घ्या, तोंडी नको. जंताचं औषध कधी दिलं त्याच्या तारखा विचारा, ३ महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी आणि मग ६ महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा ते चालू ठेवायचंय. लसी ६ ते ८ आठवड्यांना सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत. लोक विचारतात एकच इंजेक्शन का नाही, तर आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती कोणत्या पिल्लाची कधी संपेल ते सांगता येत नाही, म्हणून परत परत द्यायची. रेबीजची लस ३ महिने पूर्ण झाल्यावर. आणि ती होईपर्यंत काय, त्यानंतरही, मुलाला दात लागून रक्त आलं तर लपवाछपवी नको, साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, पालिकेच्या हॉस्पिटलात माणसांची रेबीजची लस मोफत मिळते. मुलाला आधीच सांगून ठेवा की चावलं तर आई ओरडणार नाही, पण सांगायचं.

चांगले रेस्क्यूवाले तुम्हालाही प्रश्न विचारतील, फॉर्म भरून घेतील, घर बघायला येतील, खिडकीला जाळी आहे का बघतील, नसबंदीचं लिहून घेतील. त्याचा राग येऊ देऊ नका. जे काहीच न विचारता पिल्लू हातात ठेवतात त्यांच्याकडून घेऊ नका.

आता झोपेकडे येते.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे चिकू नावाचं पिल्लू होतं, अकरा आठवड्यांचं, तुमच्यासारखंच लेस-वेडं. रोज संध्याकाळी साडेसातला त्याच्या अंगात यायचं. डोळे वाटोळे, कान मागे, ढुंगण खाली घालून सोफ्याखालून टीव्हीखाली, टीव्हीखालून किचनमध्ये, वळणावर लादीवरून घसरायचं, उठायचं, आणि तिसऱ्या फेरीला माझ्या गाऊनची कड पकडायचं ती सोडायचंच नाही, सोडवायला गेलं की हात. कोणीही म्हणेल याला खाली नेऊन पळवून आणा. पहिले दोन दिवस माझ्या भाचीने तेच केलं, बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये बॉल टाकून अर्धा तास पळवलं, वर आल्यावर तो आणखी चवताळलेला. मी वहीत लिहून ठेवते, ती काढून बघितली तर दुपारी साडेतीनपासून तो झोपलाच नव्हता, आधी भाची शाळेतून आली, मग कुरिअर, मग शेजारचे बघायला आले. चार तास जागं पिल्लू. दोन वर्षांचं मूल लग्नाच्या हॉलमध्ये रात्री अकराला जसं करतं ना, हसतंय, पळतंय, मध्येच रडतंय, तेच हे.

तिसऱ्या दिवशी सातलाच हॉलचा मोठा दिवा बंद केला, टीव्ही बंद, त्याला त्याच्या जाळीच्या कुंपणात ठेवलं आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या दह्याची एक छोटी वाटी दिली. सुरुवातीला वाटी ढकलत होता, मग चाटायला लागला, चाटत चाटत बसला, बसल्या बसल्या एक कोपर घसरलं. वाटीत दही शिल्लक होतं तरी हनुवटी वाटीच्या काठावर टेकवून झोपला, मागचा पाय मधूनमधून झटकत होता. मग रोज दुपारी साडेचारला पण झोपवायला लागले आणि साडेसातचं ते अंगात येणं आठवड्याभरात गेलं.

तर हिशोब साधारण असा ठेवा, एक तास जागं, दोन तास झोप, दिवसभर. घड्याळ लावून नाही, पण पिल्लू उठून पाऊण-एक तास झाला आणि चावायला लागलं की ते खेळायला मागत नाहीये, झोपायला मागतंय, पण त्याला स्वतःला ते कळत नाही, तुम्हाला कळायला हवं. त्यासाठी जागा लागते आणि १ बीएचकेमध्ये ती ठरवूनच काढावी लागते. हॉलचा असा कोपरा जो दरवाजाच्या समोर नाही आणि टीव्हीच्या खाली नाही, तिथे साधारण चार फूट बाय चार फूट जाळीचं कुंपण, आत अंथरूण, पाणी, चावायला एक-दोन वस्तू. वरून अर्ध्यावर जुनी चादर टाका म्हणजे आडोसा होतो. ही शिक्षेची जागा नाही, रागावून आत कधीच टाकायचं नाही, खाणं तिथेच द्यायचं म्हणजे ते स्वतःहून जायला लागतं. आणि घरात एक नियम, आत झोपलेल्या पिल्लाला कोणीही हात लावायचा नाही, मुलाचे मित्र आले तरी नाही.

पळवण्यापेक्षा डोकं चालवायला लावा. कुत्र्याचं डोकं म्हणजे नाक. जेवणाचा निम्मा भाग वाटीत देऊच नका. इडलीच्या एका साच्यात त्याच्या कोरड्या खाण्याचे दाणे ठेवा आणि वर छोट्या वाट्या उपड्या घाला, तो एकेक उलटवत बसेल. जुना टॉवेल पसरून त्यात दाणे टाकून गुंडाळी करा. कागदी अंड्याचा ट्रे असेल तर तो, फाडला तर फाडू दे, कागद गिळत नाही ना एवढं बघा. दहा मिनिटं हुंगून शोधलं की पिल्लू जसं थकतं तसं अर्धा तास बॉलमागे पळूनही थकत नाही, बॉलने उलट त्याला पळायची चटकच लागते आणि मग रोज जास्त लागतं. शिवाय या वयात हाडं, सांधे कच्चे असतात, जिने चढवणं-उतरवणं, गुळगुळीत लादीवर पळवणं टाळाच, हॉलमध्ये एखादी जाड सतरंजी टाका.

लसी पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडायचं नाही हे डॉक्टर सांगतील आणि ते बरोबर आहे, पण त्याचा अर्थ लोक असा घेतात की चार महिन्यांचं होईपर्यंत घरातच डांबायचं, आणि तिथे फार मोठं नुकसान होतं. साधारण ३ ते १४ आठवडे हे वय असं असतं की त्यात जे चांगल्या अनुभवाने बघितलं, ऐकलं ते आयुष्यभर "आपलं" वाटतं. तुमचं पिल्लू आत्ता दहा आठवड्यांचं, म्हणजे चारच आठवडे उरलेत हातात. उचलून न्या. कडेवर, पुढे अडकवायच्या पिशवीत, कसंही. स्टेशनबाहेर जिथे रिक्षा लागतात तिथून जरा लांब एका कट्ट्यावर दहा मिनिटं बसा, बस जाते, भाजीवाला ओरडतो, छत्रीवाला माणूस जातो, हेल्मेटवाला जातो, प्रत्येक नव्या गोष्टीला एक दाणा तोंडात. लिफ्टमध्ये रोज दोनदा वर-खाली, उतरायचं काम नसलं तरी. वॉचमनच्या हातून दाणा. कचरा न्यायला येणाऱ्या भाऊंच्या हातून दाणा, कारण बहुतेक पिल्लं पुढे त्यांच्यावरच भुंकतात, ते बिचारे रोज येतात आणि रोज "निघून जातात" म्हणून पिल्लाला वाटतं आपण हाकललं.

चावण्याबद्दल. २८ दुधाचे दात असतात आणि सुईसारखे असतात, चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात, सहा-सात महिन्यांत ४२ पक्के येतात, तोपर्यंत ते चावणारच, बंद होणार नाही, काय चावायचं ते आपण ठरवायचं. हात तोंडात गेला की हात खेचू नका, खेचलेला हात म्हणजे पळणारा उंदीर, हात सैल सोडा, दुसऱ्या हाताने खेळणं पुढे करा. तरी परत आलं तर उठून कुंपणाच्या बाहेर या, पंधरा-वीस सेकंद, एक शब्द न बोलता. ओरडू नका, वर्तमानपत्राची सुरळी नको, तोंड दाबून धरणं नको, मान पकडून उलटं पाडणं तर अजिबात नको. आणि असा कोणी ट्रेनर आला जो पहिल्याच दिवशी गळ्यात आवळणारी साखळी घालतो त्याला चहा पाजून परत पाठवा. मुलाला "झाड" शिकवा, पिल्लू अंगावर आलं की पळायचं नाही, किंचाळायचं नाही, हात घडी, नजर छताला, हलायचं नाही. झाडाशी खेळण्यात काही मजा नसते, ते निघून जातं. माझ्याकडे येणारी मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सासूबाईंना विचारलंत का?

त्यांच्या काठाला पिल्लू लोंबकळलं हे तुम्ही गमतीने लिहिलंय, पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात त्या घरात असणार आहेत. पिल्लू तुमचं नाही होणार, त्यांचं होणार आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून एक पिल्लू एका घरी गेलं आणि अकराव्या दिवशी परत आलं. सोडायला आजीच आल्या होत्या, रिक्षाने, एकट्या. मला वाटलं त्यांना कुत्रा आवडत नाही. त्यांनी मांडीवरून पिल्लू खाली ठेवलं आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात उकडलेलं चिकन आणि मऊ भात, "हे याचं दुपारचं, अजून गरम आहे" म्हणाल्या. गुडघे दुखतात, वाकून लादी पुसता येत नाही, दिवसातून दहा वेळा शू पुसायची, एकदा त्या ओल्यावरून पाय घसरला तेव्हा घाबरल्या, पण घरात सांगायची चोरी, नातीने हट्टाने आणलेलं. घर बघायला गेले तेव्हा मी आजींशी नमस्काराच्या पलीकडे बोलले नव्हते, ती माझी चूक, तेव्हापासून मी दिवसभर घरात जे असतात त्यांच्याशी आधी बोलते, बाकीच्यांशी नंतर.

तर घरात दुसरं कोणी नसताना, मुलगाही नसताना, निवांत त्यांना विचारा, आणि "चालेल" एवढ्यावर थांबू नका, कारण चालेल म्हणायची सवय असते आपल्याकडे. विचारा की शू पुसायला वाकता येईल का, नाही तर कामाला येणाऱ्या बाईंना दुपारचे दोन तास जास्तीचे पैसे देऊन बोलवायचं का. त्या बाईंना कुत्र्याची भीती आहे का हेही विचारा. सासूबाईंना खुर्चीत बसून करता येतील अशी कामं द्या, दाणे भरवणं, वाटीचा खेळ लावणं, "बस" शिकवणं. जो भरवतो त्याच्या काठाला पिल्लू लोंबकळत नाही, पुढ्यात येऊन बसतं. आणि त्या मनापासून नको म्हणाल्या तर नको. मग एखादा दोन-तीन वर्षांचा मोठा देशी कुत्रा बघा, रेस्क्यूमध्ये कितीतरी असतात, शू-शीची सवय झालेले, दिवसभर पंख्याखाली झोपणारे, त्यांना कोणी विचारत नाही आणि १ बीएचकेसाठी ते उत्तम.

शू-शीचं गणित सोपं आहे, जितके महिने अधिक एक तेवढे तास जास्तीत जास्त, म्हणजे तुमचं पिल्लू तीन-साडेतीन तास, ते पण झोपेत. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच न्यायचं, बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत एक ट्रे ठेवा, तिथे केली की तिथल्या तिथे दाणा. लिफ्टची वाट बघून खाली नेण्याइतकं थांबणं त्याला अजून जमणार नाही. चुकून हॉलमध्ये केली तर नाक घासू नका, तो फक्त तुमच्यासमोर करायची नाही एवढंच शिकतो आणि मग कॉटखाली जाऊन करतो. फिनेलने वास आपल्याला जातो, त्याला नाही, व्हिनेगर-पाण्याने पुसा. बाल्कनीच्या ग्रिलमधून या वयाचं पिल्लू सहज निघतं, जाळी आधी लावा, पिल्लू नंतर आणा.

खाण्याचं जास्त लांबवत नाही, ४ महिन्यांपर्यंत चार वेळा, मग तीन, सहा महिन्यांनंतर दोन. दूध-पोळीवर पिल्लू वाढत नाही, बहुतेकांना दुधाने जुलाब होतात. फॉस्टरकडे जे खात होतं तेच पहिला आठवडा, मग हळूहळू बदल. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण, शिजवलेल्या कोंबडीची हाडं, हे कधीच नाही, आणि मनुकांचं सासूबाईंना आवर्जून सांगा कारण प्रसादाच्या शिऱ्यात मनुका असतात आणि प्रसाद द्यायचा मोह होतो.

सोसायटीचं टेन्शन घेऊ नका पण कागद तयार ठेवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना आहेत, सोसायटीला पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही. पालिकेचं लायसन्स काढा, त्याला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी आधी घ्या, मेसेजवर का होईना. आणि खाली केलेली शी उचला, प्रत्येक वेळी, पाऊस असला तरी. कुत्रेवाल्यांबद्दल बिल्डिंगमध्ये जी अढी असते ती निम्मी यानेच जाते.

डॉक्टर पिल्लू यायच्या आधी शोधून ठेवा, रिक्षाने पंधरा मिनिटांच्या आतला, आणि रात्री कोणाकडे जायचं तेही फोन करून विचारून ठेवा. मोठं काही असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचं सुरू झालंय, पण मुलुंडहून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये उलट्या करणारं पिल्लू घेऊन तिथे पोचायची वेळ येऊ नये.

आता तुम्ही मे महिन्यात आणताय, म्हणजे पुढचं वर्ष कसं जाईल ते सांगते. लसी पूर्ण होऊन खाली न्यायची वेळ येईल तेव्हा जुलैचा पाऊस असेल. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, माणसांना होतो तसाच कुत्र्यांना होतो, त्याची लस आहे का कार्डावर ते बघा आणि डबक्यातून चालवू नका, वर आल्यावर बोटांमधली जागा कोरडी करा आणि कानामागे, बगलेत गोचीड शोधा. गणपतीला ते सहा महिन्यांचं असेल, ढोल-ताशाचे आवाज आतापासून मोबाईलवर अगदी हळू लावून जेवण देत चला, दर आठवड्याला थोडा आवाज वाढवा, दिवाळीच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नसतो. सहा महिन्यांच्या आसपास नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये बाहेर न्यायच्या आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्यालाही नाही.

दिवाळीच्या सुमारास, सातव्या-आठव्या महिन्यात, सगळं शिकलेलं विसरल्यासारखं करेल. हाक मारली तर बघणार पण येणार नाही, परत चपला चावेल, बेल वाजली की भुंकेल. माझ्याकडे पिल्लं परत येतात ती पहिल्या पंधरा दिवसांत किंवा मग या वयात. तेव्हा काही बिघडलेलं नसतं, वयात येत असतं, दीडेक वर्षापर्यंत चालतं आणि मग बसतं. तेव्हाही हेच करायचं, झोप बघायची, नाकाची कामं वाढवायची, फिरायला नेल्यावर चालवायची घाई न करता झाडापाशी, खांबापाशी हुंगू द्यायचं. दोरी मात्र तेव्हा सोडू नका, कोणी कितीही म्हणालं की आमचा तर दोरीशिवाय चालतो.

पिल्लाला सोबत म्हणून एकदम दोन पिल्लं आणा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ती एकमेकांत रमतात आणि तुम्हाला दुप्पट काम.

रेस्क्यूच्या कामात आम्ही एक अंदाज धरतो, ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने. तीन दिवस ते बावरलेलं, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. म्हणून पहिल्या रविवारी नातेवाईकांना बघायला बोलावू नका.

आणायचं शनिवारी सकाळी, म्हणजे पहिली रात्र यायच्या आधी त्याला अख्खा दिवस मिळतो आणि तुम्हा दोघांनाही सुट्टी असते, जमलं तर पुढचा आठवडा एकाने रजा टाका. पहिल्या रात्री रडेल, कुंपण तुमच्या अंथरुणाशेजारी ओढून घ्या आणि हात आत सोडून झोपा, लाडावत नाही त्याने. आणि निघताना त्या फॉस्टरवाल्या ताईंकडून त्याच्या अंथरुणातलं एखादं फडकं मागून घ्या, भावंडांच्या वासाचं, न धुतलेलं. कितीही मळकं दिसलं तरी पहिले आठ-दहा दिवस ते धुवू नका, सासूबाईंनाही सांगून ठेवा.